हत्ती आणणारा खासदार

अमेरिकेत पहिला जिवंत हत्ती उतरला तो १७९६ साली, न्यूयॉर्क बंदरात. आणि तो आला होता आपल्या कोलकात्याहून! जहाजाचं नाव 'अमेरिका' आणि कप्तान जेकब क्राउनिनशील्ड. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावी १७७० साली जन्मलेला जेकब जहाजमालकांच्या घराण्यातला. हिंदुस्थान आणि पूर्वेकडच्या व्यापारात या घराण्यानं मोठी कमाई केली. साडेचारशे डॉलरला घेतलेला तो हत्ती दहा हजारांना विकला गेला, असं सांगतात. पुढं जेकब राजकारणात शिरला. राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या पक्षातर्फे तो १८०३ मध्ये काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, गेला. १८०५ साली जेफरसननं त्याला नौदलमंत्री नेमलं. पण ते पद त्यानं कधीच सांभाळलं नाही. खासदार असतानाच, १८०८ साली, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये त्याचं निधन झालं.