छ्यानथांगची लाट



नदी समुद्राला मिळते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण समुद्रच नदीच्या भेटीला निघाला तर? चीनच्या पूर्वेस, चेच्यांग प्रांतात, छ्यानथांग नदी हांगचौ शहरावरून वाहत उपसागराला मिळते. तेथे भरतीचे पाणी भिंतीसारखे उभे राहून, गर्जना करीत, प्रवाहाविरुद्ध नदीत शिरते.

याचे कारण जमिनीच्या घडणीत आहे. उपसागराचे तोंड सुमारे १०० किलोमीटर रुंद आहे. हायनिंगपाशी ही रुंदी तीनेक किलोमीटर उरते. जणू निसर्गाने नरसाळेच मांडले आहे! त्यातच तळाशी वाळूचा मोठा उंचवटा. पुढचे पाणी उथळात अडखळते, मागचे त्याच्यावर चढते, आणि लाट जन्मते. आठव्या चांद्रमासाच्या अठराव्या दिवशी तिला पाहण्यासाठी काठावर जत्रा लोटते. चिनी महिनाही अमावास्येपासून मोजतात. म्हणजे आपल्या पंचांगाच्या भाषेत ही वद्य तृतीयेच्या आसपासची वेळ. पौर्णिमेचे उधाण त्या सुमारास ऐन भरात असते.

आता माणसाने या लाटेचे काय केले, ते पाहू. प्रथम त्याने कथा रचली. वू राज्याचा निष्ठावंत मंत्री वू त्झु-श्वी याला राजाने मरणास भाग पाडले आणि त्याचे प्रेत पाण्यात फेकले. त्याचाच संताप म्हणजे ही लाट! अन्यायाची चीड लोकांनी अशी पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवली. पुढे ९१० साली छ्येन ल्यू या राजाने तट बांधायला घेतला. लाट मागे हटावी म्हणून त्याने धनुर्धरांकडून तिच्यावर बाण सोडविले, अशी आख्यायिका आहे. पण तट उभा राहिला तो दगडांनी भरलेल्या बांबूच्या करंड्यांवर.

त्याच्याही आधी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, याच मुलखातल्या वांग छुंग नावाच्या पंडिताने एक साधा प्रश्न विचारला होता. मंत्र्याला आधी कढईत उकळले असे म्हणता ना? मग कढईत गप्प राहिलेला हा वीर नदीत पडताच एवढा शूर कसा झाला? तो म्हणाला, भरती चंद्राच्या वाढण्या-घटण्याबरोबर बदलते, आणि अरुंद, उथळ पात्रात पाणी उसळते. दुर्बीण नाही, प्रयोगशाळा नाही. केवळ डोळे उघडे आणि बुद्धी जागी! १०५६ साली तर लाटेच्या वेळांचे कोष्टकच तयार झाले.

लाट काही थांबली नाही. वेळ चुकविणाऱ्याला ती आजही ओढून नेते. परंतु जिची वेळ सांगता येते, तिच्यापासून नाव वाचवता येते. कथेने लोकांना मंत्र्यावरचा अन्याय विसरू दिला नाही, तर कोष्टकाने नावाड्याचा जीव राखला. समाजाला दोन्ही हवीत. मात्र नाव पाण्यात लोटताना हातात कोष्टक असावे, एवढेच माझे आपणांस सांगणे आहे.