तीन आठवड्यांचा कारभार
(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



गोवा म्हटले की आपल्याला सहल आठवते, आणि फार तर 1961 चा मुक्तिसंग्राम. आज मी त्याच गोव्यातल्या एका राजकारणी माणसाची ओळख करून देणार आहे. त्यांचे नाव बर्नार्दो पेरिश द सिल्वा. जन्म 1775, गाव तिसवाडीतले नेवरा. पोर्तुगीजांच्या 451 वर्षांच्या राजवटीत गोव्याच्या प्रमुखपदी लिस्बनहून नेमला गेलेला हा एकमेव गोमंतकीय.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. 1761 साली पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने फर्मान काढले की, पूर्वेकडची ख्रिस्ती प्रजा आणि पोर्तुगालमध्ये जन्मलेली प्रजा यांचा दर्जा सारखाच. हिंदूंना ही समानता मिळायला 1910 साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक यावे लागले. पण ख्रिश्चनांच्या बाबतीतही फर्मान बरेचसे कागदावरच राहिले. मोठ्या जागा पोर्तुगालहून आलेल्यांच्या आणि गोव्यात स्थायिक झालेल्या पोर्तुगीज वंशाच्या कुटुंबांच्या हाती होत्या. सैन्यातले अधिकारीही बहुतेक तेच.

1820 साली पोर्तुगालमध्ये क्रांती झाली आणि संसद आली. 1822 साली गोव्यातून तीन प्रतिनिधी निवडले गेले. त्यांत पेरिश द सिल्वा होते. दादाभाई नौरोजी ब्रिटिश पार्लमेंटात गेले 1892 साली, म्हणजे ही निवडणूक त्याच्या तब्बल 70 वर्षे आधीची! तेव्हा सुएझचा कालवा नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून लिस्बन गाठायला कित्येक महिने लागत. प्रवास लांबला आणि 1823 साली ती संसदच मोडीत निघाली. पुढे 1828 साली दोम मिगेलने गादी बळकावली आणि उदारमतवाद्यांवर परागंदा व्हायची पाळी आली. पेरिश द सिल्वा इंग्लंडला गेले, तिथून ब्राझीलला. 1832 साली रिओ द जानेरोत त्यांनी एक पुस्तक प्रसिद्ध केले. लिस्बन शहरात एक तत्त्वज्ञानाचा पंडित आणि 'हिंदुस्थानातला पोर्तुगीज' यांचा राज्यघटनेवर संवाद चालला आहे, अशी त्याची मांडणी. देशोधडीला लागलेला माणूस घटनेवर पुस्तक लिहितो, यावरून त्यांच्या निष्ठेची कल्पना यावी.

1834 साली मिगेलचा पाडाव झाला आणि नव्या सरकारने त्यांना गोव्याचे 'प्रिफेक्ट' नेमले. 14 जानेवारी 1835 रोजी त्यांनी सूत्रे हाती घेतली. त्या वेळी आपल्या रायपुरात नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पण नव्या व्यवस्थेत एक मेख होती. मुलकी कारभार प्रिफेक्टकडे आणि सैन्य दुसऱ्या अधिकाऱ्याकडे. आपल्या डोक्यावर एक गोवेकर बसला, हे अनेकांना सोसवेना. 1 फेब्रुवारीला सैन्याने बंड केले. तीन आठवडेही झाले नव्हते, तोच त्यांना पदावरून काढून मुंबईला जावे लागले.

मुंबईत रोजेर द फारिया या गोमंतकीय व्यापाऱ्याच्या मदतीने त्यांनी गोव्यावर समुद्रमार्गे मोहीम काढली, ती फसली. मे महिन्यात पणजीजवळच्या गासपार दियश किल्ल्यावर, म्हणजे आजच्या मिरामार भागात, त्यांच्या बाजूच्या शिपायांची कत्तल झाली. दमण आणि दीवने मात्र त्यांची सत्ता मान्य केली. 1837 पर्यंत ते दमणला राहिले, मग पुन्हा लिस्बनला प्रतिनिधी म्हणून गेले. 1844 साली तिथेच त्यांचे निधन झाले. खुर्ची गेली, तरी साठी ओलांडलेला हा माणूस गोव्याची बाजू मांडायला त्याच संसदेत पुन्हा जाऊन बसला.

मित्रहो, जवळपास दोनशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट इथे कशाला, असे कोणी विचारील. आपल्यापैकी बहुतेकांनी नोकरीत उमर घालवली. नवीन साहेब आला, तो इथलाच, खेड्यातून शिकून वर आलेला, की कचेरीत कुजबूज सुरू होते, हे मी स्वतः पाहिले आहे. फाइल मुद्दाम रेंगाळते, तोंडावर 'जी सर' आणि पाठीमागे त्याच्या बोलीची नक्कल. बंदूक कोणी उचलत नाही, पण माणसाला काम करू द्यायचे नाही, हे पक्के असते.

आपण मराठी माणसे छत्तीसगढमध्ये कोणी भोसल्यांबरोबर आलो, कोणी रेल्वेत, कोणी भिलाईच्या कारखान्यात. या मातीने आपल्याला सामावून घेतले. 1 नोव्हेंबर 2000 रोजी राज्य झाले, राजधानी दारात आली आणि इथल्या मुलांना वरच्या खुर्च्या मिळू लागल्या. त्यांना मनापासून मान देणे ही आपली जबाबदारी आहे. राजधानीतून निघालेल्या हुकमाला खरा अर्थ शेजारच्या टेबलावरचा सहकारी देतो. पेरिश द सिल्वांना 1835 साली असे सहकारी लाभले नाहीत. आपल्या कचेरीत, आपल्या कॉलनीत तरी तसे घडू नये, एवढीच विनंती.

जय महाराष्ट्र, जय छत्तीसगढ!