सही करण्याआधी दोराला हात लावा

(१ ऑगस्ट २०२४ रोजी, अण्णाभाऊ साठे जयंतीनिमित्त, सुरतच्या लिंबायत भागातल्या मराठी विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



आयोजकांनी मला सांगितलं, "सर, मुलांना तुमचा प्रवास सांगा." प्रवास सांगायचा मला संकोच वाटतो. आपल्याकडच्या अशा भाषणांत माणूस शेवटी फेटा बांधून उभा असतो, आणि समोरच्या पोरांना वाटतं, याला सगळं जमलं, आपल्याला नाही जमणार. म्हणून मी कामाबद्दल बोलतो. त्यात माझी एक चूकही येईल, ती नीट ऐका.

मी क्रेन तपासतो. क्रेन, होइस्ट, चेन ब्लॉक, स्लिंग, शॅकल, हूक. जत्रांचा हंगाम आला की आकाशपाळणा, कोलंबस नाव, ब्रेक डान्स. तपासून झालं की एका कागदावर सही करतो. कायद्यात माझ्यासारख्याला 'कॉम्पिटंट पर्सन' म्हणतात, म्हणजे सक्षम व्यक्ती. कॅटेगरीतून ॲडमिशन घेतलेल्या प्रत्येकाने हा शब्द उलट्या अर्थाने ऐकलेला असतो. 'हे लोक सक्षम नसतात, कोट्यातून येतात.' मीही कॉलेजात ऐकलं, नोकरीत ऐकलं. आज माझ्या लेटरहेडवर तोच शब्द छापलेला आहे.

हा शब्द कायद्यात कुठून आला ते माहीत असू द्या. कारखाना अधिनियम १९४८ चा. त्याच्याही आधी, १९४५ साली, केंद्र सरकारच्या श्रम खात्यात कारखान्यांच्या मुख्य सल्लागाराचं कार्यालय सुरू झालं. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात श्रम खातं बाबासाहेबांकडे होतं. पुढे १९८४ ला भोपाळ घडलं, आणि १९८७ च्या दुरुस्तीत 'सक्षम व्यक्ती'ची व्याख्या कायद्यात घातली गेली. कलम २८ म्हणतं, लिफ्ट आणि होइस्ट दर सहा महिन्यांनी तपासा. कलम २९ म्हणतं, क्रेन, साखळ्या, दोर आणि उचलण्याची साधनं निदान बारा महिन्यांतून एकदा तपासा. कुणी तपासायचं? सक्षम व्यक्तीने. तिला मान्यता मुख्य कारखाना निरीक्षक देतो. मालकाला आवडते म्हणून कुणी सक्षम होत नाही.

आता घरचं सांगतो. आमचं मूळ गाव धुळे जिल्ह्यातलं. आजोबा दोर वळायचे. घायपाताची पानं कापायची, पाण्यात कुजत घालायची, बडवून वाख काढायचा, वाखाचे पेड करायचे आणि तीन पेडांना पीळ देऊन दोर करायचा. दावं, कासरा, चऱ्हाट, मोटेचा नाडा. मोबदला बलुत्याचा, म्हणजे सुगीला देणाऱ्याच्या मनात येईल तेवढं धान्य. आजोबांनी वळलेला नाडा मळ्यातल्या विहिरीत दिवसभर खालीवर व्हायचा. आजोबांना मात्र त्या विहिरीला शिवता येत नव्हतं.

वडील सुरतला आले तेव्हा हजिऱ्याचे कारखाने उभे राहत होते. ठेकेदाराकडे खलाशी म्हणून लागले. खलाशी म्हणजे कोण, तुमच्यापैकी काहींना माहीत आहे, कारण तुमचेही वडील तेच आहेत. लोडला स्लिंग बांधायची, हुकात अडकवायची, क्रेनवाल्याला हाताने इशारा करायचा. लोड हवेत जातो तेव्हा त्याच्या सगळ्यात जवळ खलाशी असतो. कागदावर त्याचं नाव कुठेच नसतं.

मी डिप्लोमा केला, मग थेट दुसऱ्या वर्षाला डिग्रीला गेलो, मेकॅनिकलला. शिष्यवृत्ती वर्ष संपल्यावर यायची, तोवर फी आईने बचत गटातून उचललेल्या पैशांतून भरली. हे तुमच्याही घरी चालू असेल, म्हणून लांबवत नाही. पुढचं सांगतो, कारण ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

कलम २९ खाली मान्यता हवी असेल तर मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल किंवा मेटलर्जीची डिग्री लागते, आणि या कामाचा किमान सात वर्षांचा अनुभव. शिवाय तपासणीची साधनं हाताशी असावी लागतात. डिग्री आपण काढतो. अडतं ते सात वर्षांवर. आपली पोरं ठेकेदाराकडे लागतात. नियुक्तीपत्र नाही, पगार रोख, आणि सोडताना अनुभवाचा दाखला मागितला की "बघू" म्हणतात. पहिली दोन वर्षं मी क्रेनच्या देखभालीवर राबलो. ती दोन्ही वर्षं माझ्या अर्जात शून्य धरली गेली, कारण पुरावा नव्हता.

म्हणून पहिल्या दिवसापासून पत्र मागा. पत्रात 'इंजिनिअर' एवढंच नको. कोणत्या यंत्रावर काम केलं, उभारणी की देखभाल की तपासणी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहून घ्या. पीएफच्या नोंदी जपा. स्वतःची वही ठेवा: तारीख, क्रेनची क्षमता, काय सापडलं. सोबत एनडीटीचं लेव्हल दोनचं प्रमाणपत्र काढा, म्हणजे धातू न तोडता आतली-वरची भेग शोधायची विद्या. त्यात दर वर्षी डोळ्यांची तपासणी असते. मुलाखतीला जाल तेव्हा समोरचे अधिकारी तुम्ही काय पाठ केलंय यापेक्षा काय हाताळलंय ते विचारतील. वही तिथे उपयोगी पडते.

आता चूक.

२०१२ साली मी एका तपासणी एजन्सीत इंजिनिअर होतो. मान्यता साहेबांची, फिरायचं आम्ही. एका कारखान्यात साठेक स्लिंगा तपासायच्या होत्या. स्टोअरवाला म्हणाला, "माल साइटवर आहे, काम थांबवता येणार नाही. नंबर गेल्या वर्षीचेच आहेत, उतरवून घ्या." मी जुना रिपोर्ट समोर ठेवला आणि टेबलावर बसून नवा भरला. प्रत्येक नंबरपुढे 'समाधानकारक'. साहेबांनी सही केली. खाली 'तपासणी करणारा' म्हणून माझं नाव.

तीन आठवड्यांनी त्यातलीच एक स्लिंग तुटली. पंप खाली आला. एका खलाशाच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. वय माझ्या वडिलांएवढं. चौकशीत निघालं काय, तर खलाशाने स्लिंग चुकीच्या कोनात बांधली. स्लिंगचे दोन पाय आडव्याशी तीस अंशांवर आले की प्रत्येक पायावर पूर्ण लोडाएवढा ताण येतो, हे खरं आहे. पण ती तुटलेली स्लिंग मी नंतर पाहिली. डोळ्याजवळ, जिथे दोर दुमडून दाबलेला असतो, तिथे तारा कित्येक दिवसांपासून तुटलेल्या होत्या. टोकं गंजलेली होती. नुसती चिंधी फिरवली असती तरी अडकली असती.

मला कुणी काही विचारलं नाही. मीही बोललो नाही. घरी वडिलांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग एवढंच विचारलं, "बेटा, दोराला हात लावला होतास का?"

मी त्या माणसाच्या घरी गेलो. खरं काय ते सांगितलं. त्यांनी चहा दिला आणि विचारलं, "हे साहेबांसमोर बोलाल का?" मी बोललो नाही. नोकरी जाण्याची भीती होती, बहिणीचं लग्न तोंडावर होतं. आज तुमच्यासमोर बोलतोय, पण त्याचा त्यांना काही उपयोग नाही. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतोय. आपण आपल्या वस्तीतून आलो म्हणून आपोआप आपल्या माणसाच्या बाजूने सही करू, असं नाही. त्या टेबलावर बसलेला पोरगा खलाशाचाच होता.

त्या दिवसापासून माझा एकच नियम आहे. हात लावल्याशिवाय लिहायचं नाही.

पोलादी दोर आजोबांच्या दोरासारखाच असतो. तारा, तारांचे पेड, पेडांना पीळ. सहा पेड, प्रत्येकात एकोणीस तारा, म्हणजे एकशे चौदा. मधे गाभा असतो, आणि अनेक दोरांत तो सिसलचा असतो, म्हणजे घायपाताच्याच भावकीतला वाख. तो तेल धरून ठेवतो. पहिल्यांदा जुना दोर उकलून तो गाभा पाहिला तेव्हा मी बराच वेळ हातात धरून बसलो होतो. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत मोजमाप दिलं आहे: दोराच्या आठ व्यासांएवढ्या लांबीत दिसणाऱ्या तुटक्या तारा एकूण तारांच्या दहा टक्क्यांवर गेल्या, तर तो दोर वापरायचा नाही. वीस मिलिमीटरच्या दोराला ही लांबी एकशे साठ मिलिमीटर, वितीपेक्षा थोडी कमी. तेवढ्या लांबीत बारावी तार तुटलेली दिसली की विषय संपला. मग हुकाचं तोंड फाकलंय का, ब्रेक धरतो का, हूक फार वर गेला तर लिमिट स्विच थांबवतो का. मग लोड टेस्ट. वीस टनांपर्यंतच्या क्रेनला क्षमतेच्या सव्वापट वजन लावतात. दहा टनांची असेल तर साडेबारा. त्या वेळी खाली आणि आजूबाजूला एकही माणूस नको.

जत्रेतला पाळणा कारखान्याच्या कायद्यात येत नाही. परवाना पोलीस किंवा स्थानिक प्रशासन देतं, त्यासाठी इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं, आणि पद्धत राज्याराज्यात वेगळी. या राइड्ससाठी आयएसओ १७८४२ नावाचं मानक आहे, त्याचा तिसरा भाग तपासणीचा. पण जत्रेत गोष्ट अशी असते की राइड दर काही दिवसांनी खोलतात, ट्रकमध्ये भरतात, पुढच्या गावी पुन्हा जोडतात. दर वेळी पिना निघतात, पुन्हा बसतात. क्लिप हरवली की तार गुंडाळतात. पायाखाली लाकडी ठोकळे असतात, पाऊस झाला की ते खचतात. २०१९ च्या जुलैमध्ये अहमदाबादच्या कांकरियात झुलती राइड तुटून दोघांचा जीव गेला. २०२२ ला मोहालीच्या जत्रेत वर गेलेला पाळणा थेट खाली आदळला. लोकांनी मोबाइलवर दोन्ही पाहिलं आणि पुढच्या जत्रेत पोरांना घेऊन गेले. कारण गरिबाच्या पोराला पाळणा वर्षातून एकदाच मिळतो.

दोन वर्षांपूर्वी एका जत्रेत मी कोलंबस नाव तपासली. नाव ज्या पिनेवर झुलते तिच्या आधाराच्या वेल्डिंगवर शंका आली. रंग खरवडला, साफ केलं, तांबडा द्रव मारला, दहा मिनिटं थांबलो, पुसला, वर पांढरा डेव्हलपर मारला. पांढऱ्यावर केसाएवढी तांबडी रेघ उमटली. मी नाही म्हणालो. मालक वाईट माणूस नव्हता. कर्ज काढून आलेला, हाताखाली दहा-बारा माणसं, रात्री राइडच्याच खाली झोपणारी. त्याने हात जोडले. त्याच्यासोबत आलेल्या एकाने माझं आडनाव विचारलं, आणि ऐकून म्हणाला, "तरीच. यांना अधिकार मिळाला की असंच करतात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरीकडून सही आणली. जत्रा आठ दिवस चालली. नाव आठ दिवस झुलली. काहीही झालं नाही. नंतर मला हसून सांगण्यात आलं, "बघा, काही झालं का?" त्या आठ रात्री मला झोप लागली नाही, आणि काही झालं नाही याचा मला आनंदच आहे. पण ती रेघ तिथे होती. मी पुन्हा नाहीच म्हणेन.

आज १ ऑगस्ट. अण्णाभाऊंचा जन्म १९२० चा. २०२० ला जन्मशताब्दी पूर्ण झाली. त्याच दिवशी विशाखापट्टणमच्या गोदीत नव्या क्रेनची लोड चाचणी चालू असताना ती कोसळली, अकरा माणसं गेली. २०२३ ला, पुन्हा १ ऑगस्टला, शहापूरजवळ समृद्धी महामार्गावर गर्डर बसवणारं यंत्र कोसळलं, वीस माणसं गेली. आपण जयंतीला पुतळ्याला हार घालत होतो. अण्णाभाऊ स्वतः गिरणीत राबलेले. ज्या माणसांबद्दल त्यांनी लिहिलं, ती आजही लोडच्या खाली उभी आहेत.

तुमच्यापैकी बरेच जण यूपीएससी, बँक, रेल्वेची तयारी करता. करा. पण ज्यांच्या घरात यंत्राचं काम पिढीपासून आहे, त्यांनी या वाटेकडेही बघा. कामाचं ज्ञान आपल्या घरात होतंच. 'हे चालणार नाही' असं लिहिण्याचा अधिकार नव्हता. तो आता मिळवता येतो, त्याला साताठ वर्षं लागतात. माझ्या वहीची नक्कल मी इथे अभ्यासिकेत ठेवून जातोय, अनुभवाच्या पत्राचा नमुनाही आहे.

आणि आज घरी गेल्यावर एक करा. वडील, काका, भाऊ कुणी खलाशी, फिटर, हेल्पर असेल, तर त्यांना विचारा, तुमच्या स्लिंगवर नंबर आहे का, शेवटची तपासणी कधी झाली, आणि तपासणारा खरंच आला होता का. उत्तर लिहून ठेवा. पहिली नोंद तीच.

जय भीम.