पाणी टाकत टाकत किती दिवस?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मेळावा म्हटला की भावावर बोलायचे, कर्जावर बोलायचे, ही आपली रीत. आज आम्ही पिकअप गाडीच्या पाण्याच्या पंपावर बोलणार आहोत. मागे काही मंडळी हसताहेत. हसा. पण कापूस घरात आहे तोवर त्याला भाव नसतो. तो केंद्रावर किंवा जिनात पोचला तर भाव. ज्याच्या दारात चालती गाडी नाही, त्याच्या दारात व्यापाऱ्याचा काटा येतो, आणि काटाही त्याचा, भावही त्याचाच.

१९७२ साली एकाधिकार खरेदी सुरू झाली. त्या काळात केंद्रापुढे बैलगाड्यांच्या रांगा लागत, माणसे गाडीखाली झोपत. बैल तहानला की त्याला हौदावर नेता येत असे आणि तो तहानला आहे हे त्याच्याकडे बघून कळत असे. आता ती योजनाही गेली आणि बैलही बरेचसे गेले. गावात तीन-चार घरांनी मिळून जुनी डिझेल पिकअप घ्यायची, महिंद्राची नाहीतर टाटा २०७, आणि हंगामात आळीपाळीने माल न्यायचा, असे आज ठिकठिकाणी चालते. चांगलेच आहे. पण चार मालकांची गाडी म्हणजे तिच्या पाण्याकडे बघणारा एकही मालक नाही.

अशाच एका गावची गोष्ट सांगतो, गावाचे नाव घेत नाही. दिवाळीपासून गाडी पाणी पीत होती. रोज सकाळी एक बाटली, मग दोन, मग अर्धी कॅन. जो चालवील त्याने पाणी टाकायचे, असा ठरावच जणू झाला होता. डिसेंबरात कापूस भरून गाडी निघाली आणि वाटेत वाफ धरून उभी राहिली. हेड वाकले, हेडचे पॅकिंग गेले. माल रात्रभर उघड्यावर दवात राहिला. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि १२ च्या वर गेला की माल परत पाठवतात, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. शेवटी रस्त्यावरच एका व्यापाऱ्याला माल दिला. ज्या पंपासाठी दोन महिने कोणी खिशात हात घालत नव्हते, तो पंप, हेडचे काम आणि पडलेला भाव असे तिन्ही त्या चार घरांनी भरले.

आता पंप म्हणजे काय ते बघू. इंजिनात डिझेल जळते, त्यातली ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता चाक फिरवायला लागते, एक तृतीयांश धुरावाटे जाते, आणि उरलेली बरीचशी पाण्याने बाहेर न्यावी लागते. ज्वारीचे पानही हेच करते. मुळे पाणी ओढतात, पान ते वाफेने सोडते आणि स्वतःला थंड ठेवते. पाण्याचा ताण पडला की पान सुरळी करते. इंजिनाला सुरळी करता येत नाही, ते सरळ जळते. पंप हे इंजिनाचे मूळ समजा. क्रँकच्या पुलीवरून पट्टा येतो, तो पंपाचा दांडा फिरवतो. दांड्याच्या पुढच्या टोकाला बहुतेक जुन्या गाड्यांत पंखा असतो, मागच्या टोकाला पाणी फेकणारे पाते. मध्ये बेअरिंग आणि एक सील. सील पाण्याला बेअरिंगपर्यंत येऊ देत नाही. सगळा खेळ त्या सीलवर आहे.

पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असते. पुष्कळांना वाटते ते कारखान्याची चूक आहे. आम्ही एका ठिकाणी ते एम-सीलने बुजवलेले पाहिले! ते भोक मुद्दाम ठेवलेले आहे. सील गळू लागले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर ठिबकते आणि तुम्हाला निरोप देते. त्या भोकाखाली पांढरा, हिरवा किंवा गंजाचा ओघळ दिसला की पंपाचे दिवस भरले. भोक बुजवले तर निरोप बंद होतो, आजार चालूच राहतो. पाणी मग बेअरिंगमध्ये जाते, बेअरिंग खडखडते, दांडा डुलतो, आणि एखाद्या दिवशी पंखा रेडिएटरमध्ये घुसतो.

सील मरते कशाने? वयाने मरतेच, पण आपल्याकडे ते जास्त करून पाण्याने मरते. आम्ही शेतीशास्त्राचे लोक, म्हणून इथे थोडे थांबतो. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी पिकाला दिले तर जमीन बिघडते हे आपण जाणतो. तेच पाणी आपण बिनदिक्कत रेडिएटरमध्ये ओततो. पट्ट्याबाहेरच्या बोअरचे पाणीही बहुतेक जड असते. चहाच्या भांड्याला आतून जो पांढरा थर बसतो, तोच थर इंजिनाच्या आत बसतो आणि उष्णता अडवतो. क्षाराचे कण सीलच्या घासत्या तोंडात जाऊन ते कापतात. शिवाय साध्या पाण्याने लोखंड गंजते, तो गंज सगळीकडे फिरतो. फवारणीला खारे पाणी घेतले तर काही तणनाशकांचा गुण कमी होतो म्हणून आपण आता पाणी बघून घेऊ लागलो. मग इंजिनाने काय पाप केले?

कूलंट म्हणजे थंडीत गोठू नये म्हणून टाकायचे औषध, आपल्या उन्हाला त्याचे काय काम, असे आम्हाला हमखास ऐकवले जाते. त्याचे आपल्याकडचे मुख्य काम गंज रोखणे आणि उकळबिंदू वर नेणे हे आहे. निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड पाणी घ्या, म्हणजे बॅटरीत टाकतो ते. ते नसेल तर गच्चीवरून धरलेले, गाळलेले पावसाचे पाणी बोअरपेक्षा कितीतरी बरे. काही कूलंट तयारच मिळते, त्यात पाणी घालायचे नसते. डब्यावर लिहिलेले वाचा. दोन रंगांची कूलंटे एकत्र करू नका. आणखी एक, हे कूलंट चवीला गोड आणि पोटात गेले तर विष असते. काढलेले पाणी गोठ्याजवळ, नाल्यात, कुत्र्या-वासरांच्या तोंडाशी येईल असे ओतू नका. मुलांच्या हाती लागेल अशा पाण्याच्या बाटलीत तर ते कधीच भरू नका.

रेडिएटर गळतो म्हणून त्यात हळद टाकणारे ड्रायव्हर आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. हळद घरी जखमेवर लावा. पंपाच्या सीलला ती लागू पडत नाही, उलट रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतात.

गाडी गरम होते म्हणजे पंपच गेला असे नाही, हेही लक्षात घ्या. जिनाच्या आवारात उडणारे कापसाचे तंतू आणि धूळ रेडिएटरच्या जाळीत गोधडीसारखी बसतात. आधी इंजिनाच्या बाजूने बाहेर पाणी मारून जाळी धुवा. रेडिएटरच्या झाकणाचे रबर तपासा, कारण ते झाकण दाब धरते आणि दाबामुळेच पाणी उशिरा उकळते. पट्टा सैल आहे का बघा. थर्मोस्टॅट अडकला आहे का बघा. हा थर्मोस्टॅट काढून फेकून देण्याची आपल्या मिस्त्रींना फार हौस. तो बऱ्याच गाड्यांत ८२ अंशांच्या आसपास उघडतो. तो नसला तर इंजिन वेळेवर तापत नाही, डिझेल जास्त खाते आणि लवकर झिजते. गेला असेल तर नवा बसवा. हे सगळे ठीक असूनही पंपाखाली ओघळ असेल, किंवा इंजिन बंद असताना पंखा धरून हलवला तर दांडा डुलत असेल, तर मात्र पंप बदला.

काम मिस्त्रीकडून करून घ्या किंवा गावात जाणता पोरगा असेल तर स्वतः करा, पण समोर उभे राहून बघा. इंजिन पूर्ण गार हवे. गरम रेडिएटरचे झाकण उघडून तोंड-हात भाजून घेतलेले लोक या मांडवातही असतील. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. खालचा कॉक उघडून पाणी टोपल्यात धरा. मग पंख्याचे चार बोल्ट, आणि इथे एक युक्ती सांगतो, हे बोल्ट पट्टा ताणलेला असतानाच सैल करा. पट्टा आधी काढला तर पुली हातात गरगर फिरते आणि बोल्ट सुटत नाहीत. त्यानंतर अल्टरनेटर ढिला करून पट्टा काढा, पंखा काढा, होज पाइप काढा.

पंपाचे बोल्ट सारख्या लांबीचे नसतात. खोक्याच्या पुठ्ठ्यावर पंपाचे चित्र काढा, भोके पाडा आणि जो बोल्ट जिथला तिथे खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी घातला तर तळ लागतो, पंप दाबला जात नाही आणि गळत राहतो. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्रीच तेल सोडा. सोडवताना आधी केसभर आवळा, मग सोडा. अडून बसलेल्या बोल्टवर पाइप घालून लोंबकळू नका. एक बोल्ट आत तुटला की तासाभराचे काम दोन दिवसांवर जाते.

जुने पॅकिंग खरवडताना भोकात फडके कोंबा आणि छिन्नी वापरू नका, ओरखडा पडला तर पाणी तिथूनच वाट काढील. नवा पंप बसवण्याआधी जुन्याशेजारी ठेवा. भोके, पुलीच्या बैठकीची उंची, पात्याचा घेर आणि वळण जुळते का बघा. पुलीची उंची दोन सूत इकडेतिकडे असली तर पट्टा तिरका चालून महिन्यात फाटतो. दांडा हाताने फिरवा, पाते कुठे घासता कामा नये. पॅकिंगला पेस्ट लावायची तर पातळ हात. जास्तीची पेस्ट आत सुटते आणि रेडिएटरमध्ये जाऊन बसते. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. बाजारावरचा राग बोल्टवर काढू नका.

पट्टा, होज आणि क्लिपा जुन्या असतील तर याच वेळी बदला. उघडलेच आहे तर पुन्हा मजुरी कशाला? पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. फार ताणला तर नवे बेअरिंगही लवकर जाते.

पाणी हळूहळू भरा. झाकण उघडे ठेवून गाडी मंद चालू करा. थोड्या वेळाने वरचा होज गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, भरत राहा. बुडबुडे थांबले की झाकण लावा. ते थांबतच नसतील, किंवा इंजिन ऑइल दुधासारखे झाले असेल, तर पंपाने सुटका होणार नाही, हेडचे पॅकिंग गेले आहे. दुसऱ्या दिवशी गार असताना पातळी बघा आणि रिकाम्या गाडीने एक फेरी करून मगच कापूस भरा.

रस्त्यात काटा चढू लागला तर ताबडतोब बाजूला घ्या. बॅटरीचा लाल दिवाही त्याच वेळी लागला असेल तर पट्टा तुटला समजा आणि इंजिन लगेच बंद करा. आणि हे नीट ऐका. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे असतो. पट्टा तुटला की तोही थांबतो. एक-दोनदा ब्रेक नेहमीसारखा लागेल, मग पायाखाली दगडासारखा होईल. भरलेली गाडी घाटात असेल तर पट्टा तुटूनही तशीच दामटणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, लोखंड तडकते.

पंप घेताना पक्के बिल मागा. १ जुलै २०१७ पासून सुट्या भागांवर जीएसटी आहे, बऱ्याच भागांवर तो २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ मध्ये १८ वर आला. व्यापारी आपल्या गाडीच्या पंपावरचा कर हिशेबात वळता करून घेतो. शेतकऱ्याला ती सोय नाही, तो कर त्याच्या कापसातूनच जातो. तेव्हा निदान दोन-दोनदा भरू नका. बिल नसलेला स्वस्त पंप सहा महिन्यांत गळला तर दुकानदार तुम्हाला ओळखत नाही.

भागीतल्या गाड्यांसाठी आमची सूचना अशी. गाडीत एक वही ठेवा, पाणी कोणी, कधी, किती टाकले ते लिहा. आठवड्यात दोनदा पाणी टाकावे लागले की चारही घरांनी बसायचे आणि पैसे काढायचे, असे आधीच ठरवून ठेवा. सीटखाली एक पट्टा, एक वरचा होज, चार क्लिपा आणि पाच लिटर तयार कूलंट राहू द्या. हे काम वेचणीआधी, पोळ्याच्या सुमारास उरकले तर मिस्त्रीलाही सवड असते. दिवाळीनंतर त्याच्याही दारात रांग असते.

मांडवाच्या मागे टेबलावर दोन जुने पंप उघडून ठेवले आहेत, एक चांगल्या पाण्यावर चाललेला आणि एक खाऱ्या. चहा झाला की तिकडे या. ज्यांनी गाड्या आणल्या आहेत त्यांनी बॉनेट उघडून ठेवा, इंजिने गार झाली असतील, खालचे भोक एकेक करून बघून घेऊ.