नाव आणि हाक



पेडणे व डिचोली तालुक्यांतील गावांमध्ये मूल जन्माला आले, की साधारणतः बाराव्या दिवशी त्याचे बारसे होते. पाळणा सजविला जातो, वाड्यावरच्या सुवासिनी जमतात, पाळणागीत म्हटले जाते आणि आत्या बाळाच्या कानात त्याचे नाव सांगते. त्या क्षणापासून नावाचा प्रवास सुरू होतो. घरातून ते अंगणात येते, अंगणातून शाळेच्या हजेरीपटावर चढते, आणि तेथून पंचायतीच्या, मामलेदार कचेरीच्या व बँकेच्या दप्तरात जाते. नाव मुलाचे असते खरे. परंतु त्याचा उपयोग मुलापेक्षा इतर लोकच अधिक करतात. म्हणूनच मुलाचे नाव काय ठेवावे, हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच ते नाव इतरांनी कसे उच्चारावे, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

गोमंतकातील जुनी नावे पाहिली, तर ती बहुधा देवळातून आणि पूर्वजांकडून आलेली दिसतात. पेडण्याची भगवती, रवळनाथ, मोरजीची मोरजाई; डिचोलीकडे शिरगावची लईराई, नार्व्याचा सप्तकोटेश्वर, साखळीचे विठ्ठल आणि दत्त ही या भागाची श्रद्धास्थाने होत. रवळू, विठ्ठल, दत्ताराम, शांता ही नावे या भूमीत सहज रुजली, यात नवल नाही. दुसरी परंपरा आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची. तिच्यात एक गोड अडचण असे. सासऱ्याचे नाव सुनेने उच्चारू नये, असा संकेत होता. त्यामुळे आजोबांचे नाव मिळालेल्या मुलाला त्याची आई बाबू, आबा किंवा भाऊ अशा नावानेच हाक मारी. अशा रीतीने एका मुलाला पत्रिकेतील एक, व्यवहारातील दुसरे आणि लाडाचे तिसरे, अशी तीन नावे मिळत. आणि प्रत्येक नावामागे त्याच्याकडे पाहणारी निराळी दृष्टी असे.

तथापि, काही नावे ऐकताच आजचा श्रोता दचकतो. भिकू, धोंडू, दगडू, केरू ही ती नावे. भीक, धोंडा, दगड, केर यांवरून कोणी आपल्या पोटच्या मुलाचे नाव ठेवील काय, असा प्रश्न नव्या पिढीला पडतो. या नावांचे मूळ जुन्या काळच्या बालमृत्यूंत आहे. ज्या घरात एकामागून एक मुले दगावली, त्या घरात पुढच्या मुलाला मुद्दाम हलके नाव देत. टाकाऊ वस्तूवर दृष्ट पडत नाही, मृत्यूही तिच्याकडे वळत नाही, अशी त्या आईबापांची भाबडी समजूत होती. भिकू म्हणजे भिकारी नव्हे, तर देवापुढे पदर पसरून मागून घेतलेले मूल. दगडू म्हणजे दगडासारखे टिकून राहो अशी आस. ही नावे वरून रूक्ष वाटली, तरी त्यांच्या आत मायेचा झरा आहे. देवी रोगाचा भारतातील शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला. लसीकरण वाढले, इस्पितळे जवळ आली, मुले जगू लागली. आणि जसजसे ते भय ओसरले, तसतशी ही नावेही मागे पडली.

परंतु ज्यांनी ती नावे धारण केली, त्यांचे काय? मूल शाळेत जाते, गुरुजी हजेरी घेतात, 'भिकू' हे नाव पुकारले जाते आणि वर्गात हशा पिकतो. ज्या नावाने आईने मृत्यूला चकविले, त्याच नावाने मुलाला मान खाली घालावी लागते. दोष नावाचा आहे काय? महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण येथे आठवावे. १८५८ मध्ये जन्मलेल्या या पुरुषाने स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचले, १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान मिळाला, आणि वयाची शंभरी ओलांडून १९६२ मध्ये त्यांनी देह ठेवला. 'धोंडो' हे नाव ऐकून आज कोणाच्या डोळ्यांसमोर धोंडा येतो? कर्तृत्वाने नावाचा अर्थच बदलून टाकला. मात्र प्रत्येक मुलाने आधी महर्षी व्हावे आणि मग लोकांनी त्याच्या नावाला हसणे थांबवावे, ही अपेक्षा न्यायाची नव्हे. सहा वर्षांच्या मुलाला आज, याच वर्गात, आदराची गरज असते.

शिक्षक बंधुभगिनींनी या संदर्भात एक प्रयोग ध्यानात घेण्याजोगा आहे. १९७३ मध्ये अमेरिकेत हरारी व मॅकडेव्हिड या दोन मानसशास्त्रज्ञांनी शाळकरी मुलांचे निबंध तपासण्यासाठी शिक्षिकांकडे दिले. निबंध तेच, केवळ त्यांवर लिहिलेली मुलांची नावे बदलली होती. काही नावे लोकांना आवडणारी, तर काही जुनाट व नावडती होती. आवडत्या नावाच्या निबंधांना अधिक गुण पडले. विशेष हे, की महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी केलेल्या तपासणीपेक्षा अनुभवी शिक्षिकांच्या तपासणीत हा फरक अधिक ठळक दिसला. त्या शिक्षिका अन्यायी होत्या, असे म्हणण्याचे कारण नाही. नाव वाचताच मनात एक चित्र उभे राहते आणि ते चित्र नकळत लेखणीवर बसते, एवढाच त्याचा अर्थ. ज्याला हे ठाऊक आहे, तो शिक्षक पेपर तपासताना अधिक सावध राहील.

आता याच्या अगदी उलट प्रकार पाहू. भिकू हे नाव मायेपोटी ठेवलेले होते. परंतु महाराष्ट्रातील सातारा जिल्ह्यात मुलींना 'नकुशी', 'नकुसा' अशी नावे ठेवलेली आढळली. नकुशी म्हणजे नको असलेली. पाठोपाठ मुली झाल्या, की पुढे तरी मुलगा व्हावा, या इच्छेने हे नाव मुलीच्या माथी मारले जाई. येथे मृत्यूला चकविण्याचा हेतू नव्हता. मुलीलाच ती नको असल्याचे सांगितले जात होते, आणि तेही दररोज, प्रत्येक हाकेसरशी. २०११ च्या जनगणनेच्या प्राथमिक आकडेवारीत देशात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे केवळ ९१४ मुली असल्याचे दिसून आले, तेव्हा या नावांकडे शासनाचे लक्ष अधिकच वेधले गेले. जिल्हा प्रशासनाने अशा मुलींचा शोध घेतला आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा येथे समारंभपूर्वक २८५ मुलींचे नामकरण केले. त्यांना नव्या नावाची प्रमाणपत्रे व फुले देण्यात आली. कोणी देवीचे, कोणी चित्रपटतारकेचे, तर कोणी चांगल्या अर्थाचे घरगुती नाव निवडले. त्या मुलींच्या आयुष्यात स्वतःसाठी काही निवडण्याचा तो कदाचित पहिलाच प्रसंग असेल.

या दोन उदाहरणांतून एक कसोटी हाती येते. नाव प्रेमाने ठेवलेले असेल आणि ऐकणारे त्याची हेटाळणी करीत असतील, तर बदल ऐकणाऱ्यांनी करावयाचा आहे. पण नावातच तिरस्कार भरलेला असेल, तर ते नाव बदलणे हेच समाजाचे कर्तव्य ठरते.

नाव उत्तम असूनही ते खाली ओढले जाते, असाही प्रकार आपल्या गावांना अपरिचित नाही. एकाच वाड्यावर दोन रामचंद्र असत. एक भाटकाराच्या घरातला, तो 'रामचंद्रबाब'. दुसरा त्याच भाटात राहणाऱ्या मुंडकाराच्या घरातला, तो नुसता 'रामो'. बारशाच्या दिवशी दोघांच्याही कानात एकच नाव सांगितले गेले होते. फरक केला तो लोकांच्या जिभेने. मुंडकाराला त्याच्या घरातून हुसकावता येऊ नये, म्हणून गोव्यात १९७५ मध्ये कायदा झाला. घराला कायद्याचे संरक्षण मिळाले. पूर्ण नावाने हाक मारण्यासाठी मात्र कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. नावापुढे आदराचा एक शब्द जोडला, तर त्यात कोणाची जमीन जात नाही. पेडण्यात जन्मलेले गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांना जनतेने 'भाऊसाहेब' म्हटले, ते प्रेमाने. त्यांच्या कारकिर्दीत खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा निघाल्या. ज्यांना तोवर अर्ध्या नावानेच हाक मारली जात होती, अशा अनेक मुलांचे पूर्ण नाव मोठ्याने वाचले जाण्याची पहिली जागा म्हणजे त्या शाळांचा हजेरीपट होय. शाळेचे हे कार्य लहान समजू नये.

नावावरून, विशेषतः आडनावावरून, जात व धर्म ओळखून माणसाची किंमत ठरविण्याची खोड शिकलेल्यांतही आहे. सुखदेव थोरात व पॉल ॲटवेल या अभ्यासकांनी २००७ मध्ये याविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वृत्तपत्रांतील नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज धाडले. फरक होता तो अर्जदाराच्या नावात. उच्चवर्णीय हिंदू वाटणाऱ्या नावांच्या तुलनेत दलित व मुसलमान वाटणाऱ्या नावांना खाजगी कंपन्यांकडून बोलावणे येण्याची शक्यता कमी आढळली. येथे नाव बदलून प्रश्न सुटणार नाही. बदलावयाची आहे ती नाव वाचणाऱ्याची नजर.

नावाची आणखी एक बाजू कचेरीतील आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होण्यापूर्वीचे दप्तर पोर्तुगीज भाषेत होते. त्या लेखनपद्धतीत 'श' हा उच्चार रोमन लिपीतील 'एक्स' या अक्षराने, तर 'क' हा पुष्कळदा 'सी' या अक्षराने दाखविला जाई. मुक्तीनंतर इंग्रजी वळणाने वाचन सुरू झाले आणि आजोबांच्या खरेदीखतातील नाव, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यातील नाव व नातवाच्या ओळखपत्रातील नाव यांचा मेळ बसेना. माणूस एकच; पण कागदावर तो दोन-तीन माणसांचा होऊन बसतो. लग्नानंतर वधूचे नाव बदलण्याच्या रूढीमुळे स्त्रियांना हा त्रास अधिक होतो. माहेरच्या नावाने शिक्षण, सासरच्या नावाने शिधापत्रिका, आणि दोन्ही नावे एकाच स्त्रीची आहेत हे सिद्ध करण्यासाठी वारंवार हेलपाटे, असा अनुभव पुष्कळ घरांत येतो.

म्हणून काही नियम प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवावेत. १९६९ च्या जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियमान्वये जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत द्यावयाची असते. त्या वेळी नाव ठरलेले नसले, तरी जन्माची नोंद थांबवू नये. नाव मागाहून, नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क, आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत दाखल करता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीमुळे त्या दिवशी व त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेशासह अनेक कामांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थानाचा आधार झाला आहे. त्यामुळे पहिल्याच नोंदीतील प्रत्येक अक्षर पारखून घ्यावे. ज्याला नाव बदलावयाचे असेल, त्याच्यासाठी गोव्यात १९९० चा नाव व आडनाव बदल अधिनियम आहे. त्यानुसार रीतसर अर्ज करून नाव बदलता येते. हा मार्ग उघड आणि कायदेशीर आहे; त्यात लाज बाळगण्याचे कारण नाही.

नाव बदलल्याने माणूस बदलत नाही, हेही खरे. गोमंतकातील मंगेशीशी नाते सांगणाऱ्या लता मंगेशकर यांचे १९२९ मध्ये जन्मल्यावर ठेवलेले नाव हेमा होते. पुढे ते बदलून लता झाले. हेमा हेच नाव राहिले असते, तरी तो स्वर तोच राहिला असता, यात शंका नाही. नाव गुण देत नाही. परंतु वाईट रीतीने वापरलेले नाव, गुण फुलण्यापूर्वीच मुलाचे मन कोमेजवू शकते. बालकाच्या हक्कांविषयीच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारात जन्मापासून नाव मिळण्याचा हक्क नोंदविला आहे आणि भारताने १९९२ मध्ये तो करार स्वीकारला आहे. त्या हक्काचा अर्थ केवळ कागदावर नाव असणे एवढाच नव्हे.

तेव्हा पालकांनी नाव निवडताना क्षणभर त्या मुलाच्या जागी उभे राहून पाहावे. उद्या भरल्या वर्गात, परवा मुलाखतीच्या दालनात हे नाव पुकारले जाईल, तेव्हा त्याला कसे वाटेल? शिक्षकांनी पहिल्या दिवशीच प्रत्येक मुलाला त्याच्या नावाचा योग्य उच्चार विचारावा, हशा पिकला तर तो वेळीच थांबवावा, आणि भिकू या नावामागची आईची कहाणी वर्गाला सांगावी. कचेरीतील अधिकारी व कारकुनांनी नाव लिहिण्यापूर्वी ते अर्जदाराला वाचून दाखवावे आणि बाकावर बसलेल्या वृद्धाला 'ए' म्हणून न बोलावता त्याच्या पूर्ण नावाने बोलवावे. त्यास जादा वेळ लागत नाही आणि जादा तरतूदही लागत नाही.

बारशाला आत्या नाव सांगते, ती बाळाच्या कानात, हलक्या आवाजात, प्रेमाने. पुढे आयुष्यभर ते नाव आपण सर्वजण उच्चारणार असतो. आत्याच्या त्या पहिल्या उच्चारातील प्रेम आपल्या हाकेत टिकवून ठेवणे, एवढेच गावाचे, शाळेचे आणि कचेरीचे काम आहे.

जय हिंद.