प्रथमोपचार पेटी : खरेदी नव्हे, जबाबदारी

(शाळांतील शिक्षक व गिरिभ्रमण मंडळांचे कार्यकर्ते यांच्यासाठी रुग्णालयाने भरविलेल्या प्रथमोपचार प्रशिक्षण वर्गाच्या समारोपप्रसंगी रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



गेले दोन दिवस आमच्या डॉक्टर मंडळींनी आपणांस रक्तस्राव कसा थांबवावा, मोडलेला हात कसा आधारावा, बेशुद्ध माणसास कसे निजवावे हे शिकविले. आम्ही वैद्यक जाणत नाही. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे, आणि आजवरची सेवा दरपत्रके, साठा नोंदवही व ताळेबंद यांतच झाली. सहलीसाठी प्रथमोपचार पेटी कशी निवडावी हा विषय आमच्याकडे सोपविण्यात आला तो बहुधा खरेदीचा विषय म्हणून. परंतु त्यावर बोलण्याचा आमचा खरा अधिकार अनुभवाचा आहे, आणि तो अनुभव भूषणावह नाही. तरीही तो आपणांसमोर ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

काही वर्षांपूर्वी आपल्या विश्वस्त संस्थेने तालुक्यातील बारा शाळांना प्रथमोपचार पेट्या भेट दिल्या. खरेदी आमच्याकडे होती. नियमाप्रमाणे तीन दरपत्रके मागविली. एका पुरवठादाराची पेटी दिसावयास देखणी, पांढरी, झाकणावर लाल क्रॉस, आत 'शंभर नग' आणि दर सर्वांत कमी. आम्ही नग मोजले, दर पाहिला आणि मागणीपत्रावर सही केली. झाकणावर संस्थेचे नाव छापून घेतले. त्या वर्षीच्या वार्षिक अहवालात 'बारा शाळांना प्रथमोपचार पेट्यांचे वाटप' अशी ओळही अभिमानाने घातली.

पुढील पावसाळ्यात त्यांपैकी एका शाळेची सहल गडावर गेली. उतरताना शेवाळलेल्या कातळावरून नववीतील एक मुलगा घसरला आणि गुडघ्याखाली खोल जखम झाली. बाईंनी पेटी उघडली. शंभर नगांपैकी साठ चिकटपट्ट्या होत्या, बोटाला लावण्याच्या. कापसाची गुंडाळी होती. एक इंची दोन बँडेज होती. जंतुनाशकाची बाटली आतल्या आत सांडून कागदात गुंडाळलेले गॉज भिजून गेले होते. कात्रीने पँटचे कापड कापले जाईना. अखेर बाईंनी स्वतःची ओढणी घडी करून जखमेवर दोन्ही हातांनी दाबून धरली. पायथ्याच्या वाडीतील माणसांनी घोंगडीची झोळी करून मुलाला खाली आणले. तो आमच्या दारी पोहोचला तेव्हा तीन तास लोटले होते. शस्त्रक्रिया झाली, रक्त द्यावे लागले, आणि पाचव्या दिवशी मुलगा स्वतःच्या पायांनी घरी गेला. त्याचे प्राण ओढणीने आणि त्या दोन हातांनी वाचविले. आमच्या पेटीने नव्हे.

त्याच संध्याकाळी बाई आमच्या कार्यालयात आल्या. पेटी टेबलावर ठेवली आणि एवढेच म्हणाल्या, "साहेब, पेटी परत आणली आहे. वर नाव आपलं आहे म्हणून." त्यांनी रागाचा एकही शब्द उच्चारला नाही. तो उच्चारला असता तर आम्हांस बरे वाटले असते.

मित्रहो, पेटी निवडताना आमची चूक कोठे झाली, याचा विचार आम्ही नंतर डॉक्टरांसमवेत बसून केला. आम्ही वस्तूंपासून आरंभ केला होता. वास्तविक आरंभ प्रश्नांपासून करावयास हवा.

पहिला प्रश्न अंतराचा. मात्र अंतर किलोमीटरांत न मोजता तासांत मोजावे. सिंहगडावर माथ्याजवळपर्यंत मोटार जाते. तेथे जी पेटी पुरते ती हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेवर पुरणार नाही. वैद्यकीय मदत जितकी दूर, तितकी पेटी भक्कम असावी. दुसरा प्रश्न माणसांचा. किती जण आहेत, कोणाला दमा, मधुमेह, फिट्स वा एखाद्या औषधाची ॲलर्जी आहे? तिसरा प्रश्न संभाव्य धोक्यांचा. सह्याद्रीत ते ठरलेलेच आहेत: घसरून पडणे, पाय मुरगळणे, उन्हाने व पाणी न पिण्याने येणारी ग्लानी, पोट बिघडणे, आग्या मोहोळ आणि सर्प. चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: पेटीतील वस्तू वापरता येणारा माणूस गटात आहे काय? ज्या वस्तूचा उपयोग कोणालाच ठाऊक नाही ती पेटीत केवळ वजन वाढविते.

या प्रश्नांची उत्तरे मिळाली की निवड सोपी होते. प्रथम आवरण. पत्र्याची वा कडक प्लॅस्टिकची पेटी भिंतीवर शोभते. पाठीवर तिचा जाच होतो. सहलीसाठी पाणी न शिरणारी, भडक रंगाची, पूर्ण उघडणारी आणि कप्पे असलेली पिशवी घ्यावी. प्रत्येक कप्प्यातील साहित्य पुन्हा बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावे. कप्पे कामांनुसार करावेत: एकात रक्तस्राव, दुसऱ्यात मुरगळणे व अस्थिभंग, तिसऱ्यात औषधे. घाबरलेल्या माणसाला अंधारात, पावसात, एका हाताने हवी ती वस्तू सापडली पाहिजे. झाकणावरील लाल क्रॉसविषयीही आम्ही अनभिज्ञ होतो. जिनिव्हा करार अधिनियम, १९६० अन्वये ते चिन्ह संरक्षित असून परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. आता आम्ही हिरव्यावर पांढरा क्रॉस वापरतो.

आता साहित्य. रक्तस्रावासाठी निर्जंतुक गॉज भरपूर हवे, आणि चार व सहा इंची बँडेज हवीत. कापूस जखमेवर थेट ठेवू नये, त्याचे तंतू जखमेत चिकटतात. हातमोजे अवश्य हवेत, ते मदत करणाऱ्याच्या रक्षणासाठी आहेत. जखम धुण्यास पिण्याचे स्वच्छ पाणी पुरेसे आहे. त्यासाठी बाटल्यांचे ओझे नको. त्रिकोणी बँडेज ही आमच्या मते सर्वांत किफायतशीर वस्तू. तिची झोळी होते, पट्टी होते, फळी बांधण्याचा बंद होतो. मुरगळलेल्या पायासाठी क्रेप बँडेज हवे. फळी नसल्यास घडी केलेले वर्तमानपत्र वा गिरिभ्रमणाची काठीही चालते.

जलसंजीवनीच्या पुड्या कधीही कमी पडू देऊ नयेत. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला. ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपविले. सुमारे तीस टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या आत आले. प्रथमोपचाराचे याहून मोठे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. मात्र एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच संपूर्ण मिसळावी. पेल्यात चिमूट चिमूट टाकल्याने प्रमाण बिघडते. तयार द्रावण चोवीस तासांनंतर टाकून द्यावे.

गोळ्या थोड्याच असाव्यात: ताप व वेदनेसाठी पॅरासिटामॉल, ॲलर्जीसाठी सेटिरिझिन, आणि आम्लपित्तावरील औषध. प्रत्येकाचे नेहमीचे औषध, विशेषतः दम्याचा पंप, त्याच्या स्वतःच्या खिशात असावे आणि त्याची नोंद गटप्रमुखाकडे असावी. प्रतिजैविके, स्टेरॉइड आणि इंजेक्शने डॉक्टर सोबत नसतील तर घेऊ नयेत.

जे पेटीत असू नये त्याचाही उल्लेख करणे अगत्याचे आहे. आमच्या त्या शंभर नगांत 'सर्पदंश संच' म्हणून एक ब्लेड व रबरी दोरी होती. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या आपल्याकडील चार प्रमुख विषारी सर्पांच्या दंशावर प्रतिसर्पविष हाच उपाय आहे, आणि ते रुग्णालयातच द्यावे लागते, कारण त्याची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. दंशाची जागा कापू नये, चोखू नये, दोरी आवळून बांधू नये. रुग्णास धीर द्यावा, अंगठी, बांगड्या व घड्याळ काढावे, दंश झालेला हात वा पाय फळी बांधून स्थिर ठेवावा, चालू न देता उचलून रुग्णालयात न्यावे. यासाठी पेटीत त्रिकोणी बँडेज पुरते. अधिक उपयोगी वस्तू म्हणजे एक कागद: गडाच्या सर्वांत जवळचे, प्रतिसर्पविष उपलब्ध असलेले रुग्णालय कोणते, त्याचा दूरध्वनी आणि पायथ्याच्या गावातील एका व्यक्तीचा क्रमांक. ही चौकशी निघण्यापूर्वीच करावी. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. परंतु दरीत भ्रमणध्वनीस संपर्क मिळेलच असे नाही, आणि रुग्णवाहिका रस्ता असेल तेथपर्यंतच येते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा तेथवर वाहनाचा रस्ता नव्हता. भर पावसात मदत पायीच चढून गेली. अशा वेळी पाठीवर मावते तेवढेच साहित्य उपयोगी पडते. म्हणून सहलीची पिशवी वर्षभर कपाटात कुलूपबंद ठेवू नये. पूर, दरड वा रस्त्यावरील अपघात या प्रसंगीही तीच प्रथम हाती येणार आहे.

आता आमच्या विषयाकडे, म्हणजे हिशेबाकडे, येतो. कारखाने अधिनियम, १९४८ चे कलम ४५ आम्ही पूर्वी केवळ तपासणीपुरते वाचले होते. दर दीडशे कामगारांमागे किमान एक पेटी, पेटीत विहित साहित्याखेरीज काहीही नसावे, आणि प्रत्येक पेटी प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असलेल्या एका जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात असावी, असे ते कलम सांगत असे. संख्या, साहित्य आणि माणूस. आम्ही संख्या दिली, साहित्य पाहिले नाही आणि माणूस तर नेमलाच नाही. शाळांना तो कायदा लागू नव्हता, तरी त्यातील शहाणपण लागू आहे.

म्हणून आमची विनंती अशी की, प्रत्येक पिशवीत साहित्याची यादी व मुदतीच्या तारखा लिहिलेला तक्ता असावा. ज्या औषधाची मुदत आधी संपते ते वरच्या बाजूस ठेवावे. सहलीहून परतताच, बूट धुण्यापूर्वी, वापरलेले साहित्य भरून काढावे. दर तीन महिन्यांनी पिशवी पूर्ण रिकामी करून पाहावी. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवलेली औषधे विशेष तपासावीत. आणि पिशवीवर एका व्यक्तीचे नाव असावे. 'सर्वांची जबाबदारी' असे लिहिलेल्या पिशवीची जबाबदारी कोणीच घेत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

विश्वस्त संस्थांच्या ताळेबंदात डाव्या बाजूस निधी व देणी आणि उजव्या बाजूस मालमत्ता दाखविण्याची रीत आहे. दिलेल्या पेट्यांची गणना आम्ही मनोमन आपल्या पुण्याईत, म्हणजे उजवीकडे, केली होती. त्या संध्याकाळी आम्हांस कळले की पेटी ही देणी आहे. ज्याच्या हाती ती दिली त्याला संकटकाळी उपयोगी पडेपर्यंत ते देणे फिटत नाही.

त्या बाराही पेट्या आम्ही परत मागविल्या. आज आपणांस ज्या पिशव्या देण्यात येत आहेत त्या डॉक्टरांनी ठरविलेल्या यादीप्रमाणे आमच्या परिचारिका भगिनींनी भरल्या आहेत, आणि या दोन दिवसांचे प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या व्यक्तीच्याच स्वाधीन केल्या जात आहेत. मुदत संपलेले साहित्य रुग्णालयाच्या औषध भांडारातून विनामूल्य बदलून मिळेल. ज्या बाईंनी ती पेटी परत आणली, त्या आज प्रशिक्षणार्थी म्हणून पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांचे ऋण आम्ही जाहीरपणे मान्य करतो. पहिली पिशवी त्यांनी स्वीकारावी, आणि स्वीकारण्यापूर्वी ती उघडून, प्रत्येक वस्तू मोजून व पारखून घ्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे.



(वीस जणांच्या दोन दिवसांच्या सहलीसाठी पिशवीतील साहित्य : निर्जंतुक गॉज २० नग, चार इंची बँडेज ६ व सहा इंची ४, क्रेप बँडेज ३, त्रिकोणी बँडेज ४, चिकटपट्टीची गुंडाळी २, लहान चिकटपट्ट्या २०, हातमोजे ६ जोड्या, पोव्हिडोन आयोडीन मलम १, बोथट टोकाची मजबूत कात्री, चिमटा, सेफ्टी पिना व तापमापक, जलसंजीवनीच्या एक लिटरच्या पुड्या १०, पॅरासिटामॉल, सेटिरिझिन व आम्लपित्ताच्या गोळ्या प्रत्येकी १ पाकीट, ऊब टिकविणारी घडीची चादर १, विजेरी, शिटी, वही व पेन्सिल, दूरध्वनी क्रमांकांचा कागद.)