उत्तर ध्रुवावरील सागरी बर्फ : ऋतुधर्म आणि तापमानवाढ



भूगोलाच्या तासाला उत्तर ध्रुवाचे नाव निघाले, की फळ्यावर पृथ्वीच्या माथ्यावर एक पांढरी टोपी काढली जाते आणि पाठ पुढे सरकतो. वस्तुतः ध्रुवापाशी भूमी नाही; तेथे आर्क्टिक महासागर आहे, आणि त्याच्यावरील ही टोपी दरवर्षी वाढते व आकसते. समुद्राचे खारे पाणी उणे १.८ अंश सेल्सियसच्या सुमारास गोठू लागते. हिवाळाभर पसरत जाऊन बर्फाचा थर मार्चमध्ये सुमारे दीड कोटी चौरस किलोमीटर होतो, तर सप्टेंबरात तो सर्वांत लहान असतो. सूर्य जूनमध्ये सर्वांत वर, मग बर्फ सप्टेंबरात कमी का, असे एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील. उन्हाचा कडाका बाराला नसून दोन-तीनला असतो, हे शेतावर भाकरी पोहोचविणाऱ्या मुलास ठाऊकच असते.

येथे घोटाळा हमखास होतो. मार्चचा बर्फ सप्टेंबरात घटला, हा तापमानवाढीचा पुरावा नव्हे. तो ऋतुधर्म होय. विहीर वैशाखात खाली जाते, त्याचे कोणास नवल नाही. परंतु वैशाखामागून वैशाख तिचा तळ दिसू लागला, तर गावाने विचार केला पाहिजे. म्हणून सप्टेंबर सप्टेंबरशीच ताडून पाहावा. १९७९ पासून उपग्रहांच्या सलग नोंदी आहेत. १९८० च्या दशकात सप्टेंबरातील बर्फ सरासरी ७० लाख चौरस किलोमीटरांच्या आसपास असे. २०१२ च्या सप्टेंबरात तो सुमारे ३४ लाखांवर आला. पुढे आकडा थोडा वर-खाली झाला, पण जुनी पातळी परत आली नाही. हवा तापल्याने बर्फ घटतो, आणि पांढरा बर्फ जे ऊन परतवीत असे, ते उघडे पडलेले काळसर पाणी शोषून घेते; त्यामुळे शेजारचा बर्फही वितळतो.

हा तरंगता बर्फ वितळल्याने समुद्र चढतो, हा समज मात्र काढून टाकावा. चढ होतो तो ग्रीनलंडसारख्या भूमीवरील बर्फ वितळून समुद्रात आल्याने. आठवड्याच्या बाजारात गोळेवाल्याकडून बर्फाचे दोन तुकडे आणावेत. एक काठोकाठ भरलेल्या पेल्यात तरंगत ठेवावा. दुसरा, तशाच पेल्यात पाण्याबाहेर डोकावणाऱ्या दगडावर. पहिल्यातून पाणी सांडणार नाही, दुसऱ्यातून सांडेल. पेल्याला बाहेरून घाम फुटतो, त्यालाच मुले सांडलेले पाणी समजतात. तेव्हा त्यांना काठावर नजर ठेवण्यास आधीच सांगावे.